खळ्यात झाड नको

कंपनीच्या मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आधी जागा बघितली आणि मुलं नंतर. हे मी तेव्हाच मनात धरून ठेवलं.

जागा म्हणजे आमचं खळं, गावठाणातली भात झोडायची जागा. अंधेरीत भात कुठलं, असं कुणीही विचारील. माझ्या लहानपणी होतं. आता त्या शेतांवर कारखान्यांची वसाहत आहे, तिच्या अलीकडे मेट्रो, आणि डोक्यावरून दिवसभर विमानं. शेतं एकेकाच्या नावावर होती म्हणून एकेक करून गेली. खळं सगळ्या घरांचं मिळून होतं म्हणून राहिलं. एकाने विकायचं म्हटलं की दुसरा सही करत नाही. आमच्या भांडकुदळपणाचा तेवढा एक फायदा.

खळ्याला लागून शाळा आहे, चौथीपर्यंतची, मराठी. मी तिथेच चौथी झाले. पुढे आमच्यात मुलींना शिकवत नसत आणि मलाही फार हौस नव्हती. आता शाळेत मुलं कमी. म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमास्तरीण बाईंनी, मागच्या खोलीत पाळणाघर काढलं. इथे जे दोन वर्षांचं होऊन झोपेल ते सहा वर्षांचं होऊन पहिलीत बसेल, असा त्यांचा हिशोब. मुलं सांभाळायला मी. नवरा गेल्यावर घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, आणि चार पैसे मिळत.

मुलं बहुतेक टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायांची. त्यातली एक बाई विमानतळावर सफाईला जाते. परभणीकडची, नवरा असून नसल्यासारखा. तिची मुलगी आली तेव्हा तिच्या एका घोट्याभोवती काळसर वळ होता. मी विचारलं, हे काय? तिने सरळ सांगितलं. कामाला जाताना ती पोरीचा पाय जुन्या साडीने खाटेच्या पायाला बांधून जायची. जवळ पाणी आणि बिस्किटं ठेवायची. "सोडून गेले तर स्टोव्हपाशी जाती, आजी. बांधून गेले तर नुस्ती रडती." मी तिला नावं ठेवली नाहीत. दुसरं काय करणार होती? पण त्या दिवसापासून पाळणाघर म्हटलं की मला तो घोटा दिसतो.

तर एवढी मुलं आणि मी एकटी, आणि माझे गुडघे गेलेले. एकदा मी एकाला धूत होते तेवढ्यात दुसरं फाटकाबाहेर रिक्षांपर्यंत पोचलं. एका रिक्षावाल्यानेच उचलून आणलं आणि मला चार शब्द सुनावले. ही गोष्ट शाळेच्या ट्रस्टींच्या कानावर गेली. त्यांनी बाईंना सांगितलं, दिवाळीपर्यंत दुसरी बाई ठेवा, पगार कुठूनही आणा, नाहीतर पाळणाघर बंद. त्यांना बंदच करायचं होतं असा माझा संशय होता. नुसतं बंद करा म्हणण्यापेक्षा न होणारी अट घातलेली बरी दिसते.

बाई पैसे शोधायला निघाल्या. शनिवारी शाळा सुटली की मला बरोबर घेत, कारण म्हातारी बरोबर असली की लोक बसायला खुर्ची देतात.

आधी आम्ही देवळात गेलो, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. आम्ही देऊळच म्हणतो. फादर माणूस चांगला, पण त्यांच्याच देवळाचं छप्पर गळत होतं. मग एका माजी नगरसेवकाच्या ऑफिसात. तिथला माणूस म्हणाला, साहेब बाकडी देतील, पाठीवर नाव घालून.

"मुलं बाकड्यावर झोपवायची का?" मी विचारलं.

बाईंनी माझा पदर ओढला. मुलुंडला एका क्लबात गेलो, तिथे दप्तरं देत होते. दोन वर्षांच्या पोराला दप्तर. शेवटी कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कंपनीत गेलो. काचेचं ऑफिस, आत इतकी थंडी की मी पदर डोक्यावरून घेतला. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, "मुलं सांभाळण्यासाठी यंदा आमच्याकडे काही नाही. पण ग्रीनसाठी आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बाग, आजी. शाळेची परसबाग असेल तर लगेच होईल. माळ्यांच्या पगारासकट."

परतताना आम्ही रिक्षात बसलो. बसतो न बसतो तोच बाई म्हणाल्या, "मावशी, आपण बाग करू."

"आणि मुलं?"

"बागेला राखण लागते. दोन बाया, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाग खळ्यात आणि पाळणाघर खळ्याला लागून. राखणाऱ्या बाया मुलांकडे बघणार नाहीत का?"

"म्हणजे मी माळीण?"

"कागदावर."

"कागदावर मी आयुष्यात एकदाच मनापासून सही केली, लग्नाच्या वेळी. तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

बाई हसल्या. मी हसले नाही. शिकलेल्या बाईला इतक्या पटकन युक्ती सुचते तेव्हा ती पहिल्यांदाच सुचलेली नसते. बाईंवर माझा विश्वास होता, पण विश्वास ठेवला म्हणून डोळे मिटायचे असतात असं मला कुणी शिकवलेलं नाही.

त्यानंतर त्या मॅडम आल्या. कंपनीकडून बागा बघायचं काम त्यांचं. वयाने माझ्या नातीएवढ्या, पायात पांढरे बूट. खळ्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी चारी बाजूंनी मोबाईल फिरवला आणि म्हणाल्या, "केवढी जागा आहे! अंधेरीत! आपण इथे आंबा लावू, चिकू लावू, पेरू, आवळा. मुलांना सावली होईल."

"झाड नाही," मी म्हटलं.

"का हो आजी?"

"खळ्यात झाड लावायचं नाही. काय ते पालेभाजी लावा."

त्यांना कारण सांगितलं नाही, इथे सांगते. आमच्यात रीत अशी की ज्याच्या हाताने झाड लागलं त्याचं ते झाड. जमीन कुणाचीही असो. आणि झाड त्याचं म्हटल्यावर झाडाखालची जागाही हळूहळू त्याचीच होते. माझ्या सासऱ्यांच्या चुलत्याने खळ्याच्या कडेला एक माड लावला होता. लावताना म्हणाला, झोडायला बसतात त्यांना सावली होईल. माडाची सावली ती किती! माड मोठा झाला, नारळ लागले, नारळ त्याचे. मग नारळ कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून त्याने भोवती कुंपण घातलं. कुंपणाच्या आत लाकडं ठेवली. लाकडं भिजू नयेत म्हणून पत्रा टाकला. आज त्या पत्र्याखाली त्याचा पणतू मोबाईल दुरुस्त करतो. माड कधीच पडला. तेव्हापासून सगळ्या घरांनी ठरवलं की खळ्यात पेरायचं तर एका मोसमात पेरून कापून न्यायचं. मुळं धरणारं काही लावायचं नाही. आता पांढऱ्या बुटांची एक मुलगी येते आणि सावलीची गोष्ट काढते. माझे कान उभे राहणार नाहीत तर काय!

मॅडमना बोर्डही हवा होता, कंपनीच्या नावाचा, लोखंडी खांबांवर, सिमेंटमध्ये रोवलेला. माझ्या धाकट्या दिराने ते ऐकलं आणि तो ताडकन म्हणाला, "वैनी, बोर्ड रोवला की उद्या त्यांच्याकडे फोटो. परवा कोर्टात दाखवतील, बघा, आमचा बोर्ड होता." तो म्हणजे आमच्या गावठाणातला वकिली न शिकलेला वकील. पण या बाबतीत मला पटलं. मग तेलाच्या दोन मोठ्या डब्यांत वाळू भरून त्यात खांब उभे केले. बोर्ड उभा तर राहिला, पण जमिनीला लागला नाही. पावसाळ्यात दोनदा आडवा झाला. दोन्ही वेळा आम्ही निवांतपणे उचलला.

दुसरी माळीण म्हणून नणंदेला घेतलं. तिचं आणि माझं बोलणं कित्येक वर्षं भांडणापुरतंच होतं, पण तिचे गुडघे शाबूत आहेत आणि आवाज असा की फाटकाकडे निघालेलं मूल जागच्या जागी थांबतं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "वैनी, आपण कंपनीच्या नोकर झालो. आता तुला मी साहेब म्हणू की तू मला म्हणतेस?"

"तू आधी त्या पोराचं नाक पूस."

भाज्यांचं बियाणं मॅडमनी दिलं होतं. पण पावसाळा लागला आणि खळ्यात पाणी साचलं. पूर्वी ते कडेच्या चरातून जायचं, आता चराच्या तोंडावर कुणाची तरी मोरी आहे. मेथी कुजली, भेंडी पिवळी पडली. नणंद पाण्यात उभी राहून म्हणाली, "यात भातच होईल." ती सहज बोलली होती. पण दुसऱ्या दिवशी ती वसईच्या नातेवाइकाकडून रोपांच्या मुठी घेऊन आली, आणि मग गावठाणातल्या म्हाताऱ्या एकेक करून जमू लागल्या. काहींनी चाळीस वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता. लावणी कशी करायची यावरून तिथेच जुंपली. कुणी म्हणे दोरी धर, कुणी म्हणे दोरी कशाला, डोळे फुटलेत का. मुलं चिखलात बसली होती. आईबापांनी त्याबद्दल मला बोल लावला, तो बरोबर होता.

भात वाढलं. खळ्यात हिरवंगार उभं राहिलं, मागे टॉवर, वरून विमान. मॅडम दर महिन्याला येऊन फोटो काढत आणि खूश होत. त्यांच्या खुशीने मी आणखी सावध झाले. एकदा एक माणूस टेप घेऊन आला आणि कुणाला न विचारता खळं मोजू लागला. नणंदेने त्याच्या हातातला टेप काढून घेतला.

"कुणी पाठवलं?"

"मॅडमने. पाण्याचा पाइप टाकायचाय."

"पावसाळ्यात पाइप?"

"नंतर लागेल ना, मावशी."

बाईंनी फोन केला तेव्हा मॅडमही पाइपच म्हणाल्या. टेप परत दिला. पाइप मात्र आजपर्यंत आलेला नाही. मोजमाप कुठल्या तरी कागदावर नक्की आहे.

पहिल्या सहा महिन्यांचे पगार कंपनीने दिले होते. पुढचे द्यायचे की नाही हे साहेब स्वतः येऊन बाग बघून ठरवणार होते. तारीख ठरली सप्टेंबरच्या सुरुवातीची. मग साहेब परदेशी गेले, तारीख पुढे गेली. मग आणखी तीनदा पुढे. आणि इकडे आगेरा आला.

आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण, ऑक्टोबरातला पहिला रविवार. भाताची पहिली लोंबी देवळात नेऊन आशीर्वादित करायची आणि घरोघर वाटायची. शेतं गेल्यापासून आम्ही लोंब्या बाहेरून मागवत होतो. यंदा त्या आमच्या खळ्यात उभ्या होत्या. भात पिवळं पडलं होतं, टॉवरवाल्यांनी दाणे घालून माजवलेली कबुतरं त्यावर तुटून पडत होती.

शुक्रवारी बाई धावत आल्या. "मावशी, साहेब मंगळवारी येतायत. नक्की. तोपर्यंत कापू नका."

"आणि रविवार?"

"थोडं कापा. चार मुठी. बाकी उभं दिसू दे. पुढचे पैसे त्यावर आहेत."

"बाई, चार वेळा तारीख बदलली. मुद्दाम बदलली. भात संपल्यावर यायचं आणि म्हणायचं बाग कुठे आहे."

"असं कोण कशाला करेल?"

"पैसे द्यायचे नसतील तर करेल."

बाई हात जोडायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की पिकलेलं भात साहेबासाठी थांबत नाही आणि कबुतरं तर मुळीच थांबत नाहीत. शनिवारी आम्ही सगळं कापलं. मुठीभरही ठेवलं नाही. खरं सांगायचं तर हातात विळा आला की चार मुठींवर थांबता येत नाही. सगळ्या म्हाताऱ्या आल्या होत्या. रविवारी प्रत्येक घराच्या हातात आमच्या खळ्याची लोंबी होती आणि फादरनी आशीर्वादाचं पाणी इतकं शिंपडलं की पुढच्या रांगेतल्या बाया ओल्या झाल्या.

मंगळवारी साहेब आले. या खेपेला तारीख बदलली नाही. माझ्या संशयाने आमचाच घात केला होता.

साहेब पन्नाशीचे, मराठी बोलणारे. खळ्यात उभे राहिले. पायाखाली धसकटं, पुढे वाळूच्या डब्यांतला बोर्ड. मॅडमचा चेहरा उतरला.

"बाग कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"घरोघर," नणंद म्हणाली. "काल आमच्याकडे पेज होती."

बाई सारवासारव करू लागल्या, सण, रीत, मोसम. साहेबांनी खोलीत डोकावून बघितलं. आत पेंढा पसरून त्यावर चादरी टाकल्या होत्या आणि मुलं झोपली होती. विमानतळावर जाणाऱ्या बाईची मुलगी तेवढी जागी, पेंढ्यातली काडी चावत बसलेली.

"आणि ही मुलं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "साहेब, आम्ही माळिणी नाही. आम्ही पोरं सांभाळतो. तुम्ही पोरांसाठी पैसे देत नाही, बागेसाठी देता, म्हणून बाग लिहिली. हे बंद झालं तर ही जी काडी चावतेय ना, हिला खाटेला बांधून ठेवावं लागेल. आता काय ते करा."

मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "आजी, ते मला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी असंच असतं. पण मला वर्षाच्या शेवटी दाखवायला काहीतरी लागतं. तुम्ही कापून खाल्लंत, तर मी काय दाखवू? टिकणारं काही लावा. एक झाड तरी लावा. मॅडम, गाडीत कलम आहे ना?"

गाडीत चिकूचं कलम होतं. तयार. आधीपासून.

चिडले असते तर बरं झालं असतं. इतक्या समजूतदारपणे बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. दीर फाटकाशी उभा होता, त्याने मान हलवली, नाही म्हणून. बाई माझ्याकडे बघत होत्या. साहेबांनी बाह्या दुमडायला घेतल्या. ड्रायव्हरने खड्डाही केला. मॅडमनी मोबाईल वर धरला.

ते झाड साहेबांच्या हाताने लागलं असतं तर खळं कंपनीचं. माझ्या नाहीतर दिराच्या हाताने लागलं असतं तर आमच्या घराचं, आणि बाकीची घरं गप्प बसली नसती. नाही लावलं तर पाळणाघर बंद. मी खोलीत गेले, त्या मुलीला उचललं, गुडघे कटकन वाजले, आणि तिला आणून खड्ड्याशी बसवलं.

"साहेब, लहान मुलाच्या हाताने लावलं की झाड जगतं. आमच्यात पद्धत आहे."

आमच्यात अशी काही पद्धत नाही. पण साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी बाह्या खाली केल्या. मुलीने कलम धरलं, माती ढकलली, थोडी खाल्ली. मॅडम म्हणाल्या, "सो स्वीट!" फोटो झाले. पुढच्या सहा महिन्यांचं साहेबांनी तिथेच कबूल केलं.

मी ती मुलगी का निवडली? प्रेमाने नाही. तिच्या घरचं इथे कुणी नाही. भाड्याची खोली, बाप बेपत्ता. तिच्या झाडाला कुणी कुंपण घालायला येणार नाही, तिच्या लाकडांवर कुणी पत्रा टाकणार नाही. झाड तिचं म्हणजे कुणाचंच नाही.

पण गावठाणाला हे कळायला संध्याकाळही लागली नाही. परभणीच्या पोरीचं झाड आपल्या खळ्यात! दीर माझ्या दारात येऊन म्हणाला, "वैनी, तुम्ही बाहेरच्याला जागा दिलीत." कुणी विमानतळावरचीला नळावर टोचून बोललं, काय गं, आता जमीनदारीण झालीस का.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला आणलं नाही. विमानतळावर अशी रजा मिळत नाही हे मला माहीत होतं, आणि रजा मिळाली नसेल तर पोर कुठे आहे हेही. मी मुलं नणंदेवर सोपवली आणि टेकडीवरच्या वस्तीत तिच्या खोलीपर्यंत चढले. तीनदा बसले वाटेत. खोलीचं दार उघडं होतं. ती गणवेश घालून, गळ्यात पास अडकवून खाटेवर बसली होती. मुलगी खाली. साडीचं एक टोक खाटेच्या पायाला बांधलेलं होतं, दुसरं आईच्या हातात.

"बांधायला घेतलं आणि हातच चालंना," ती म्हणाली. "आजी, खरं सांगा. माझ्या पोरीच्या हातानं का लावलं?"

"तुझं इथे कुणी नाही म्हणून."

"म्हंजी आमी परके, आमचं कुणी बोलायला येणार नाही, म्हणून आमच्यावर ढकललं."

"हो."

"आणि उद्या भांडण झालं तर? हितं कुऱ्हाड घेऊन आलं कुणी तर? तुमी सगळे एका घरचे. माझी पोर मधी. तुमाला खळं वाचवायचं होतं. तुमच्यात काय चाललंय त्ये मला काय माहीत?"

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, आणखी वाईट शब्दांत.

"मग काय करू सांग," मी म्हटलं.

"पोरीचं नाव काढा."

"नाव कुठे लिहिलेलं नाही."

"लिवलेलं असतं तर फाडलं असतं. लोक बोलतात, त्ये कसं फाडू?"

तिची शिफ्ट दहाची होती. मी तिला म्हटलं, पोरगी माझ्याकडे दे, संध्याकाळपर्यंत मी ते फाडते. तिने विश्वास ठेवला असं मला वाटत नाही. तिला बसायला वेळ नव्हता. तिने साडी सोडली आणि पोर माझ्या कडेवर दिली.

ऑक्टोबरात संध्याकाळी गावठाणातल्या क्रुसापाशी जपमाळेची प्रार्थना असते, सगळी घरं जमतात. जपमाळ संपली, मेणबत्त्या विझवायच्या आधी मी उभी राहिले. म्हटलं, "चिकूचं झाड मी लावलं. माती मी आणली, पाणी मी घातलं. पोरीचा नुसता हात लावला फोटोसाठी. झाड माझं. ज्याला भांडायचं असेल त्याने माझ्याशी भांडावं. त्या पोरीला आणि तिच्या आईला कुणी काही बोललं तर मी त्याच्या दारात येऊन बोलेन."

 मग दिराच्या बायकोने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दुसरीने मान डोलावली. मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. गेल्या कित्येक वर्षांत मी लोकांबद्दल तसंच कुजबुजत आले आहे.

आता गावठाणात असं बोलतात की म्हातारीने फार दुरून बेत केला. कंपनी आणली, बाग आणली, बाईंना गोड बोलून वळवलं, आणि शेवटी खळ्यात स्वतःचं झाड लावून घेतलं. मोबाईलवाला पणतू मला बघून हसतो, धंद्यातला भागीदार भेटावा तसा. दिराने माझ्याशी बोलणं सोडलं. झाडापासून माझ्या भिंतीपर्यंत किती पावलं होतात ते त्याने मोजलं, हे मी खिडकीतून पाहिलं. पुढच्या वर्षी तिथे कुंपण पडेल याची तो वाट बघतोय. मी कुंपण घालणार नाही हे सांगून उपयोग नाही. त्या माडवाल्यानेही तेच सांगितलं होतं.

कंपनीचे पैसे येतात. नणंदेचा पगार होतो. ट्रस्टी गप्प आहेत, आणि मला वाटतं, ते दुसरी अट शोधतायत. विमानतळावरची रोज सकाळी पोरीला सोडते. कधी कधी दारात थांबून खळ्याकडे बघते, झाड कोण बघतंय का, कोण उभं आहे का ते. मग मला सांगते, "फाटकाला कडी लावा, आजी." मी तिच्यादेखतच लावते.

परवा मुलं झोपवून आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो होतो. नणंद पेंढ्याची दोरी वळत होती.

"वैनी," ती म्हणाली, "आता इथे कुणी नाही. मला तरी खरं सांग. तुझ्या मनात पहिल्यापासून झाडच होतं ना?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, होतं. पण मला थोडे चिकू दे म्हणजे झालं."

मी तिला उत्तर देणार होते, पण आत एक मूल उठलं आणि त्याच्या आवाजाने दुसरं उठलं. तिचे गुडघे शाबूत आहेत, म्हणून तीच आत गेली.